काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर

"साहेब, काटा बघा. मधोमध आहे. टेंपरेचर एकदम ओके."

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवून घेतलेल्या माणसाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. मित्राच्या मारुती जिप्सीबाबत आम्ही ते तीन वेळा ऐकलं. गाडी ऐंशीच्या दशकातली, मूळची ९७० सीसी कार्बोरेटरवाली. आत आता जिप्सी किंगचं १३०० सीसी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं इंजिन. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणार. पण अर्धा तास चालवून चहाला थांबलं, की परत निघताना सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ. सुरू झालीच तर सायलेन्सरमधून काळा भपका आणि कच्च्या पेट्रोलचा वास. प्लग काढले तर काजळी धरलेले. मेकॅनिक म्हणाला, टेंपरेचर सेन्सर गेलाय. बदलला. फरक शून्य, कारण त्याने बदलला तो काट्याचा.

अशा गाडीत सेन्सर दोन: एक डॅशबोर्डवरच्या काट्याचा, दुसरा ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा. गॅरेजमध्ये दोघांनाही 'टेंपरेचर सेन्सर' म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्ही पितळी, दोन्ही थर्मोस्टॅटच्या आसपास आटे पाडून बसवलेले, दोघांचं टोक एकाच कूलंटमध्ये बुडालेलं. आतला मामलाही सारखाच: तापमान वाढलं की रोध (रेझिस्टन्स) कमी होणारा थर्मिस्टर. ओळखायचं ते वायरवरून. काट्याच्या सेन्सरला बहुतेक जुन्या गाड्यांत एकच वायर असते, कारण त्याची अर्थिंग इंजिनच्या अंगातून मिळते. ईसीयूच्या सेन्सरला दोन वायरी: एक सिग्नलची, दुसरी परत ईसीयूकडे जाणारी. (काही इंजिनांवर दोघांना एकाच अंगात बसवून तीन पिनांचा कपलर (वायरींचा प्लग) दिलेला असतो. तिथेही काट्याचा आणि ईसीयूचा सिग्नल वेगळाच.) रेडिएटरवर फॅनसाठी तिसरा स्विच असेल, तर तो फक्त फॅन चालू-बंद करतो. त्याला इथे मधे आणू नका.

फरक कामात आहे. काट्याचा सेन्सर तुम्हाला सांगतो, ईसीयूचा सेन्सर इंजेक्टरला किती पेट्रोल सोडायचं त्या हिशेबात बसतो. कार्बोरेटरवर वाढलेल्यांसाठी सोपं करायचं तर ईसीयूचा सेन्सर म्हणजे चोक, गार इंजिनला जास्त पेट्रोल मिळवून देणारा. सकाळी ओढायचा, इंजिन तापलं की आत ढकलायचा. हा सेन्सर ईसीयूला दिवसभर "इंजिन गार आहे" असं सांगत राहिला, तर दिवसभर चोक ओढून गाडी चालवल्यासारखं होतं. काटा मधोमध असून याचा पत्ता लागत नाही, कारण काट्याला त्या वायरीतलं काही ऐकूच येत नाही.

काट्याची तपासणी दोन मिनिटांची. इग्निशन ऑन करा, सेन्सरवरची एकुलती वायर काढा, काटा सी (गार) वर पडला पाहिजे. तीच वायर क्षणभर इंजिनला टेकवा, काटा एच (गरम) कडे चढला पाहिजे. चढला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळून गुंडाळून अर्थिंग तोडणारे महाभाग असतातच. पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकदम वेड्यासारखे वागत असतील, तर सेन्सर सोडा आणि मीटरला मिळणारा सप्लाय व अर्थिंग बघा. आणि घाटात चढताना काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. कूलंट निघून गेलं की सेन्सर रिकाम्या हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना काटा गार दाखवू शकतो.

ईसीयूच्या सेन्सरला जास्त वेळ द्यावा लागतो. ईसीयू त्याच्या वायरवर एका ठरावीक रोधामधून ५ व्होल्ट देतो आणि किती उरले ते मोजतो. वायर पूर्ण तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे उणे ४० अंशांच्या आसपास. पुण्यात उणे ४० कुठून येणार? ईसीयूलाही ते पटत नाही आणि तो चेक इंजिनचा दिवा लावतो. ओबीडी २ (दोष कोडने सांगणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत कोड येतो पी०११८. वायर अर्थला चिकटली तर उलटं, पी०११७. हे दोष सोपे, कारण ते बोंब मारतात.

त्रास देतो तो अर्धवट दोष. अशा सेन्सरचा रोध साधारणपणे २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. नेमके आकडे इंजिनगणिक बदलतात, मॅन्युअल बघावं. आता वायरच्या गंजलेल्या जोडाने हजार ओहमची भर घातली असं धरा. गार इंजिनला अडीच हजाराचे साडेतीन हजार झाले, ईसीयूला वाटलं थोडी जास्तच थंडी आहे, आणि गाडी नीट सुरू झाली. पण तापल्यावर तीनशेचे तेराशे होतात, म्हणजे ८० अंशांचं इंजिन ईसीयूला चाळिशीच्या आतबाहेर दिसतं. चाळीस अंश ही काही अशक्य गोष्ट नाही, म्हणून दिवा लागत नाही. सकाळी शहाणी आणि चहानंतर हट्टी, हे मित्राच्या जिप्सीचं वागणं इथे चपखल बसतं.

म्हणून रोध दोन ठिकाणी मोजायचा. इग्निशन बंद, इंजिन तापलेलं. आधी कपलर काढून थेट सेन्सरच्या दोन पिनांवर. मग कपलर परत लावून ईसीयूचा प्लग काढायचा आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) त्या टोकाला त्याच दोन वायरींवर. दोन्हीकडे सारखा आकडा आला आणि तो मॅन्युअलशी जुळला, तर सेन्सर निर्दोष. सेन्सरवर बरोबर पण ईसीयूकडे वाढलेला, तर वायर दोषी. सेन्सरवरच चुकीचा असेल तरच दुकानात जा. सेन्सर बाहेर काढलेलाच असेल तर घरच्यांना विचारून एक पातेलं घ्या, नुसतं पितळी टोक पाण्यात सोडा आणि पाणी तापवत थर्मामीटरशेजारी मल्टिमीटर वाचा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेवढं लक्षात ठेवा.

मॉडिफाइड गाड्यांतच दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे एका सेन्सरवर दोन्ही कामं. काट्याच्या वायरला जागा मिळाली नाही म्हणून ती ईसीयूच्या सिग्नल वायरला जोडून टाकतात. काट्यातून बॅटरीचा करंट येतो, ५ व्होल्टचा सगळा हिशेब बिघडतो, आणि ईसीयू जाण्याची भीती वेगळी. तसंच सेन्सरची दुसरी वायर परत ईसीयूकडे न नेता जवळच्या बोल्टवर अर्थ करणं. कागदावर दोन्ही अर्थच, पण अर्थ स्ट्रॅप (इंजिनला बॉडीशी जोडणारी पट्टी) ढिला असेल तर लाइट किंवा फॅन लागताच वाचन हलतं.

जिप्सीत सेन्सरवर आकडा आला ३२०. ईसीयूकडे १,४०० च्या पुढे, आणि हार्नेस हलवला की तोही नाचायचा. बॅटरी ट्रेच्या मागे, काळ्या टेपच्या गुंडाळीत, पिळून जोडलेल्या दोन वायरी निघाल्या. तांब्यावर हिरवी पूड. कापून सोल्डर केलं, वर हीट श्रिंक चढवली, आणि दोन्हीकडे ३२० आला. चहाला थांबून परत सेल्फ मारला, पहिल्या फिरकीत सुरू. काटा तेव्हाही होता तिथेच होता, मधोमध.