रॅम वाढवली म्हणून गेम पळत नाही

"भाऊ, रॅम डबल कर, मंग पाय गेम कशी पळते!" आमच्या दारव्ह्याकडे जुना डेस्कटॉप असलेल्या प्रत्येक पोराला हाच सल्ला मिळतो. मीही ऐकला. ८ जीबीची १६ केली, गेम होती तिथंच राहिली.

रॅम कमी पडली की गेम अडखळते, हे खरं. ४ वरून ८ जीबीवर गेलात तर फरक जाणवेल. पण पुरेशी असताना वरून टाकलेली रॅम नुसती पडून राहते, कारण पडद्यावरचं चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड. वेगळं कार्डच नसेल तर गोष्ट निराळी. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, तिथं एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावल्या तर वेग खरंच वाढतो.

म्हणून आधी गेम चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरी, म्हणजे रॅम, भरतेय का ते बघा. कार्ड घ्यायचंच झालं तर पॉवर सप्लाय तपासा. मदरबोर्डच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तिथून ७५ वॉटच मिळतात; जास्त लागले तर ते पॉवर सप्लायच्या वेगळ्या वायरीतून घ्यावे लागतात. जीटीएक्स १०५० टीआय या कार्डाची बरीच मॉडेल्स ७५ वॉटमध्येच भागवतात.

आणि त्याहीआधी कॅबिनेट उघडा. आमचं घर कापसाच्या जिनिंग मिलला लागून. प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाची तूस गादीसारखी दाबून बसली होती, जाळीची एक फट दिसेना. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, त्यात आपला मे महिना. ब्रशने सगळं झाडलं, प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी थर्मल पेस्ट बदलली, आणि दुपारी अडखळणारी गेम त्याच दुपारी सरळ चालली.