फज

साखर, दूध किंवा क्रीम, लोणी आणि बहुधा चॉकलेट आटवून केली जाणारी मऊ अमेरिकी वडी. दिसायला चॉकलेट बर्फीची बहीण. मात्र बर्फीला थोडा रवाळपणा शोभतो, फजला तो चालत नाही. जिभेला कण न लागता तो विरघळला पाहिजे. गंमत अशी, की चांगला फज साखरेच्या कणांनीच भरलेला असतो. फक्त ते इतके बारीक असतात, की जिभेला कळत नाहीत. कण बारीक ठेवणे हीच या पदार्थाची सगळी कारागिरी.

जुनी लेखी नोंद न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसर या तेव्हा फक्त मुलींच्या असलेल्या महाविद्यालयातली आहे. तिथली विद्यार्थिनी एमिलिन हार्ट्रिज हिने पुढे एका पत्रात लिहिले, की 1886 साली बाल्टिमोरमध्ये मैत्रिणीच्या नातलगाकडे फज होत असे. तिने कृती मिळवली आणि 1888 मध्ये महाविद्यालयातल्या लिलावासाठी 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर फज केला. कृती साधी होती : दोन कप साखर, कपभर क्रीम, दोन औंस बिनगोड चॉकलेट, चमचाभर लोणी. वेलस्ली आणि स्मिथ या महाविद्यालयांतही लवकरच फजचे आपापले प्रकार निघाले. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर तो संगमरवरी मेजांवर ओतून गिऱ्हाइकांसमोर घोटतात. फजसाठी येणाऱ्या पर्यटकांना तिथले लोक ‘फजी’च म्हणतात.

कृतीचे दोन भाग पडतात, पाकाचा आणि थंड करण्याचा. पाकाचा भाग मराठी स्वयंपाकघराला नवा नाही. मिश्रण 112 ते 116 अंश सेल्सियसवर पोचले, की त्याचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी होते. नारळाच्या वड्यांसाठी आपण पाहतो तोच हा गोळीबंद पाक. या टप्प्यावर पाकात साधारण 85 टक्के साखर असते. थर्मामीटर वापरणाऱ्याने आधी नुसते पाणी उकळून त्याचे अंश मोजून पाहावेत. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला आणखी खाली. पाकाचे अंशही तेवढेच कमी धरायचे. नाहीतर पाक पुढे जातो आणि फज दगड होतो. पाण्यातली गोळी उंची विचारत नाही, हा तिचा फायदा.

बिघाड होतो तो बहुतेक गॅस बंद केल्यानंतर. आपल्या हाताला वळण असते ते सतत हलवण्याचे. बुडाला लागेल ही धास्ती लहानपणापासून मनात बसलेली. साखर विरघळेपर्यंत हे वळण कामाचे आहे, पुढे तेच घात करते. गरम पाक ढवळला, की साखरेचे थोडेच स्फटिक तयार होतात आणि मोकळी जागा मिळाल्यामुळे मोठे होत जातात. तोच पाक न हलवता सुमारे 45 अंशांपर्यंत, म्हणजे पातेल्याचे बूड तळहाताला सोसवेल इतका निवू दिला आणि मग घोटला, तर एकाच वेळी असंख्य स्फटिक जन्मतात आणि कुणालाच वाढायला वाव राहत नाही. म्हणून लोणी वर नुसते ठेवायचे, मिसळायचे नाही. पातेलेही जागचे हलवायचे नाही. कडेला चिकटलेला साखरेचा एक कणसुद्धा विरजणासारखे काम करतो. तो धुऊन जावा म्हणून उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवतात. आतली वाफ कडा धुते. लिंबाच्या रसाचे काही थेंब किंवा चमचाभर ग्लुकोज सिरपही मदतीला येते. आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि ही परकी साखर स्फटिकांच्या रांगेत अडथळा आणते.

मग घोटणे. लाकडी चमच्याने दहा-पंधरा मिनिटे, हात भरून येईपर्यंत. सुरुवातीला मिश्रण आरशासारखे चकाकते आणि चमच्यावरून धारेने ओघळते. मग ते जड होते, चमच्यामागे चर उमटतो आणि तो लगेच भरून येत नाही. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला, की त्याच क्षणी तूप लावलेल्या ताटात ओतायचे. अक्रोड घालायचे तर तेही त्याआधीच. अर्धा मिनिट रेंगाळले, तर फज पातेल्यातच बसतो आणि उलथन्याने खरवडावा लागतो.

रवाळ झालेला किंवा न बसलेला फज टाकून द्यायचे कारण नाही. कपभर पाणी घालून तो पूर्ण विरघळवावा आणि पाक पहिल्यापासून करावा. फार दमट दिवशी मात्र बेत पुढे ढकललेला बरा. साखर हवेतले पाणी ओढते आणि वड्यांना पाझर सुटतो.

हा खटाटोप टाळणाऱ्या कृतीही पुष्कळ आहेत. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘मिलियन डॉलर फज’मध्ये मार्शमॅलो क्रीम, म्हणजे साखरेचे फेसाळ, चिकट क्रीम पडते. आपल्याकडे घरोघरी होणारा फज बहुतेक कंडेन्स्ड मिल्क आणि चॉकलेटचा असतो. तो बसतो मुख्यतः चॉकलेटमधल्या घट्ट होणाऱ्या स्निग्धांशामुळे. चवीला छान, हमखास जमणारा. पण घोटलेल्या फजचा तो तुटता-विरघळता पोत त्यात येत नाही.

महाराष्ट्रात फज म्हटले, की लोणावळा आणि तिथला कूपर्सचा फज आठवतो. त्याच बाजारात चिक्कीची दुकाने आहेत, आणि चिक्की म्हणजे याच्या अगदी उलट टोक. तिचा पाक कितीतरी कडक, मोडला तर कट्‌ आवाज करणारा. त्यात स्फटिक अजिबात नकोत. ते आलेच, तर चिक्कीचा काचेसारखा कुरकुरीतपणा जाऊन ती भुसभुशीत होते.