जुन्या सायकलींचा जीर्णोद्धार

बंद पडलेली किंवा बदलत्या दुरुस्त्यांमुळे मूळ रूप हरवलेली जुनी सायकल तिच्या निर्मितिकाळाशी सुसंगत अशा स्थितीत आणून पुन्हा चालती करण्याच्या कामास सायकलीचा जीर्णोद्धार म्हणतात. या कामाचे दोन भाग पडतात : असलेल्या वस्तूची साफसफाई व दुरुस्ती, आणि नसलेल्या किंवा चुकीच्या भागांच्या जागी त्याच काळातील व त्याच मापाचे सुटे भाग मिळवणे. पहिला भाग कोणत्याही कुशल कारागिरास साधतो. दुसऱ्यासाठी मात्र मापनपद्धतींचा इतिहास ठाऊक असावा लागतो, कारण सायकलींचे भाग एकमेकांत बसतात की नाही हे त्यांच्या दिसण्यावरून किंवा नाममुद्रेवरून नव्हे, तर ते कोणत्या मानकानुसार कापले गेले यावरून ठरते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ब्रिटिश बनावटीच्या, विशेषतः नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याच्या पोलादी सायकलींचा विचार केला आहे. भारतात आढळणाऱ्या बहुसंख्य जुन्या सायकली याच परंपरेतील आहेत.

आट्यांची मानके : ब्रिटिश सायकल उद्योगात विसाव्या शतकाच्या आरंभी सायकल अभियंत्यांच्या संस्थेने आट्यांची एक मालिका निश्चित केली व तीच पुढे ब्रिटिश मानक सायकल आटे म्हणून स्थिरावली. या मालिकेत आट्याचा कोन ६० अंशांचा असून बहुतेक लहान भागांवर इंचास २६ आटे असतात. त्याच काळातील सर्वसाधारण यंत्रकामात रूढ असलेल्या व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ धाटणीच्या बारीक आट्याच्या बोल्टवरही इंचास २६ आटेच असल्याने तो सायकलीच्या नटात शिरतो, परंतु कोन वेगळा असल्याने आट्यांची पूर्ण पकड होत नाही आणि ताण पडल्यावर आटे झिजतात. सहा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टवर इंचास सुमारे २५.४ आटे येतात. तोही फिरतो, मात्र त्याचा व्यास पाव इंचाहून कमी असल्याने सैल राहतो. जुन्या सायकलींतील बिघडलेले आटे पुष्कळदा अशा ‘बसणाऱ्या’ बोल्टांमुळेच बिघडलेले असतात.

खरी अडचण बॉटम ब्रॅकेट (पायडलांच्या दांड्यांचा एक्सल ज्यात फिरतो तो चौकटीच्या तळाचा नळीसारखा भाग) आणि हँडलच्या दांड्याखालील कप (छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्या) यांच्याबाबत येते. ब्रिटिश मानकानुसार बॉटम ब्रॅकेटच्या कपांचा व्यास १.३७ इंच असतो व त्यांवर इंचास २४ आटे असतात. चौकटीच्या त्या नळीची रुंदी ६८ मिमी असते. रॅलेने आपल्या बहुतेक सायकलींत जवळपास त्याच व्यासावर इंचास २६ आटे ठेवले आणि नळीची रुंदी ७१ किंवा ७६ मिमी केली. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या एक इंची दांड्यावरही मानकाच्या २४ ऐवजी २६ आटे दिले. परिणामी, २४ आट्यांचा कप रॅलेच्या चौकटीत एक-दोन फेरे सहज जातो, मग अडतो. तेथे पाना जोराने फिरवल्यास चौकटीचे आटे कायमचे नष्ट होतात. रॅलेने असे का केले याबद्दल एक मत असे, की ग्राहकाने सुटे भाग आपल्याकडूनच घ्यावेत हा त्यामागील हेतू होता. तथापि हा कारखाना आपले जवळजवळ सर्व भाग स्वतःच घडवत असे आणि इतर भागांवर २६ आटे कापणारी हत्यारे तेथे वापरात होतीच, हे लक्षात घेता कारखान्यातील हत्यारांची एकरूपता हे कारण अधिक संयुक्तिक वाटते. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यासही अर्थातच आडकाठी नाही.

इतर देशांची मापे निराळी आहेत. फ्रेंच बॉटम ब्रॅकेट ३५ मिमी व्यासाचे व १ मिमी अंतराच्या आट्यांचे असून त्याच्या दोन्ही बाजूंना उजवे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळले जाणारे, आटे असतात. इटालियन कप ३६ मिमीचे, इंचास २४ आट्यांचे व तेही दोन्ही बाजूंना उजवे असतात. ब्रिटिश रचनेत मात्र चेनच्या बाजूचा कप डाव्या आट्यांचा असतो. हे न ओळखता तो उलट दिशेने सोडवू पाहणे ही या कामातील सर्वांत महाग चूक होय. पायडलांच्या बाबतीतही फ्रेंच १४ मिमी आणि ब्रिटिश ९/१६ इंच ही मापे इतकी जवळची आहेत, की केवळ नजरेने भेद कळत नाही. त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर आणि आटे मोजण्याची दातेरी पट्टी ही दोन साधने हाती घेतल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये.

बॉटम ब्रॅकेटबाबत अनुभवी जीर्णोद्धारक मूळ कप शक्यतो काढतच नाहीत. चेनच्या बाजूचा स्थिर कप फारसा झिजत नाही. बहुधा छर्रे आणि एक्सल तेवढे बदलावे लागतात, आणि छर्रे, म्हणजे प्रत्येक बाजूस पाव इंची ११, आजही सहज मिळतात. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला जखडणारी कॉटर पिन ब्रिटिश सायकलींत सामान्यतः ९.५ मिमी व्यासाची असते. दोन्ही बाजूंच्या पिना परस्परविरुद्ध दिशेने बसवाव्या लागतात व त्यांचा उतार कानसीने सारखा घासावा लागतो. अन्यथा दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. क्रँकखाली भक्कम आधार न देता पिनेवर हातोडा मारला, तर तो आघात थेट छर्ऱ्यांवर व कपांवर जातो. पिन दाबून काढणारे स्क्रू-शिकंजे याचसाठी वापरले जातात.

चाके व टायर : टायरवर छापलेले इंचांतील माप फसवे असते. ‘२६ इंच’ या एकाच नावाखाली ५५९, ५८४, ५९० आणि ५९७ मिमी अशा किमान चार वेगवेगळ्या बैठक-व्यासांच्या (टायर रिमेवर जेथे बसतो तेथील व्यासांच्या) रिमा आढळतात. २६ × १ ३/८ हा टायर ५९० मिमीचा, तर २६ × १ १/४ हा बहुधा ५९७ मिमीचा असतो. पहिला आजही बनतो, दुसऱ्यासाठी शोध घ्यावा लागतो. २८ × १ १/२ म्हणजे ६३५ मिमी. हाच भारतातील परिचित मोठ्या चाकाचा आकार होय. रिमेचा छेदही ब्रेकशी जुळावा लागतो. सळीच्या ब्रेकचे रबर रिमेवर आतल्या बाजूने, आऱ्यांच्या दिशेकडून दाबले जाते, म्हणून तेथे गोलाकार कडांची वेस्टवुड रिम हवी; कॅलिपर ब्रेकला सपाट बाजूंची एन्ड्रिक रिम लागते. ब्रिटिश सायकलींच्या पुढच्या चाकास ३२ व मागच्या चाकास ४० आरे देण्याची पद्धत दीर्घकाळ होती, म्हणून दोन्ही चाकांना ३६ आरे असलेली जुनी ब्रिटिश सायकल पाहिल्यास चाके बदलली असल्याची शंका घेणे योग्य ठरते.

तीन-गती हबचा उगम : या सायकलींच्या मागील चाकातील स्टर्मी-आर्चर हब, म्हणजे गतिबदलाची यंत्रणा आत असलेला चाकाचा मधला भाग, हा जीर्णोद्धाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि त्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. हबच्या नावात हेन्री स्टर्मी व जेम्स आर्चर यांची नावे असली, तरी प्रत्यक्ष रचना विल्यम रायली या अभियंत्याची होती असे मत आता अधिक ग्राह्य मानले जाते. रायली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन-गती हब सिद्ध केला होता. तो बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारामुळे त्यांच्या पुढील शोधांवरही त्या कंपनीचा हक्क पोहोचत होता. म्हणून तीन-गती रचनेचे पेटंट सुमारे १९०२ मध्ये त्यांचे सहकारी आर्चर यांच्या नावे घेतले गेले. स्टर्मी हे सायकलविषयक पत्रकारितेतील प्रतिष्ठित नाव होते व त्यांनीही स्वतंत्रपणे तीन-गती हबची रचना केली होती. रॅलेचे प्रमुख फ्रँक बोडन यांनी दोन्ही शोधांचे हक्क मिळवले आणि १९०३ मध्ये उत्पादनासाठी स्वतंत्र संस्था उभारली. बाजारात आलेला हब रायली-आर्चर रचनेच्या जवळचा होता. स्टर्मी यांचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, परंतु तो मुख्यतः तीन-गतीच्या कल्पनेचा पुरस्कार व तिला मिळवून दिलेली प्रतिष्ठा यांत अधिक दिसतो. रायली यांचे नाव हबवर कधीच आले नाही, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

१९३६ मध्ये आलेला ‘एडब्ल्यू’ हा हब या मालिकेतील सर्वाधिक टिकलेला प्रकार होय. त्याच्या मध्यभागी २० दातांचे स्थिर सूर्यचक्र, त्याभोवती २० दातांची चार ग्रहचक्रे आणि बाहेर ६० दातांचे कंकणचक्र असते. मधल्या गतीत चेनचक्र व हब एकाच वेगाने फिरतात. वरच्या गतीत ग्रहचक्रांचा पिंजरा चालक होतो व कंकणचक्राचा वेग १ + २०/६० म्हणजे एक-तृतीयांशाने वाढतो. खालच्या गतीत उलट क्रम होऊन वेग तीन-चतुर्थांश राहतो. ही रचना अनेक दशके इतकी कमी बदलली, की १९५० च्या दशकातील हबची कुत्री (एकाच दिशेने पकड घेणारे खटके), स्प्रिंगा व निर्देशक साखळी (गतिबदलाची तार जिला जोडतात ती बारीक साखळी) यांच्या जागी नंतरच्या काळातील भाग बहुधा बसतात. एक्सलची लांबी मात्र आधी मोजून घ्यावी लागते. १९५५ च्या सुमारास आलेला ‘एसडब्ल्यू’ हा प्रकार थोड्याच वर्षांत मागे घेण्यात आला. त्याचे अंतर्भाग एडब्ल्यूशी जुळत नाहीत आणि नवखा खरेदीदार येथे हमखास फसतो. इसवी सन २००० मध्ये नॉटिंगहॅममधील उत्पादन थांबून हा व्यवसाय तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेला.

हबच्या बाहेरील आवरणावर निर्मितीचे वर्ष, आणि अनेकदा महिनाही, ठोकलेला असतो. आरंभीच्या हबांवर वर्षाचा केवळ अखेरचा अंक असे. सायकलीचा काळ ठरवण्याचे हे सर्वांत सोयीचे साधन असले, तरी त्यावरून फक्त हबचा काळ सिद्ध होतो. मागील चाक केव्हाही बदललेले असू शकते. चौकटीवरील अनुक्रमांकांच्या याद्या अपूर्ण असून काही मालिका पुन्हा वापरल्या गेल्या आहेत, म्हणून हबचा अंक, अनुक्रमांक, मुलाम्याचा प्रकार आणि रंगसंगती यांचा एकत्रित विचार करणे इष्ट होय. निकेलचा मुलामा सर्वसाधारणपणे १९३० पूर्वीचा व क्रोमचा त्यानंतरचा मानतात. ही सीमारेषा काटेकोर नाही. युद्धकाळात चकाकणारे भागही काळ्या रंगात बाहेर पडले, त्यामुळे मुलाम्याचा अभाव म्हणजे नंतरची रंगरंगोटी असे समजू नये.

डायनोहब या चाकातच बसवलेल्या विद्युत्‌जनित्राबाबत विशेष दक्षता लागते. त्याचे कंकणाकृती चुंबक आतील गुंडाळीपासून वेगळे करताना त्याच वेळी लोखंडी कडे आत सरकवावे लागते. तसे न केल्यास चुंबकत्व मोठ्या प्रमाणात कमी होते आणि दिवा पुन्हा पूर्ण तेजाने लागत नाही. केवळ कुतूहलापोटी उघडलेले कित्येक डायनोहब अशा रीतीने निकामी झाले आहेत.

जतन की नूतनीकरण : मूळ रंग खरवडून नव्याने रंगवावे की झिजलेल्या स्थितीतच सायकल राखावी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. नवा रंग गंजापासून संरक्षण देतो हे खरे, परंतु मूळ एनॅमल, त्यावरील सोनेरी रेघा आणि कारखान्याची चित्रे हाच त्या वस्तूचा दस्तऐवज असतो व तो एकदा गेला की परत आणता येत नाही. पुन्हा मुलामा चढवताना होणाऱ्या घासकामात हबवरील वर्षाचा ठसाही पुसला जातो. त्यामुळे जेथे पत्रा शाबूत आहे तेथे सौम्य साफसफाई करून मूळ पृष्ठ राखावे, हाच मार्ग श्रेयस्कर. गंज काढण्यासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे पातळ द्रावण वापरतात. ते विषारी असून जस्ताच्या व ॲल्युमिनियमच्या भागांना अपाय करते, म्हणून त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने भाग धुणे आवश्यक असते. तीव्र आम्लात बुडवलेल्या स्प्रिंगा व कठीण पोलादाचे भाग हायड्रोजन शोषून ठिसूळ होतात. जखडलेल्या भागांवर रॉकेल किंवा पातळ तेल सोडून काही दिवस थांबणे हे पान्याच्या जोरापेक्षा केव्हाही अधिक परिणामकारक असते. ब्रुक्स किंवा तत्सम चामड्याच्या सीटवर मात्र तेलाचा मारा करू नये. चामडे मऊ पडून बैठक खाली झुकते.

काळाशी सुसंगत भागांची मागणी अलीकडे वाढण्यास जुन्या शर्यती सायकलींचे मेळावेही कारणीभूत आहेत. इटलीतील टस्कनी प्रांतात १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या फेरीत सर्वसाधारणपणे १९८७ पूर्वीच्या रचनेच्या सायकलींनाच प्रवेश मिळतो, गतिबदलाची दांडी चौकटीच्या खालच्या नळीवर असावी लागते व ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या गेलेल्या असाव्या लागतात. इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये स्थापन झालेला व्हेटरन-सायकल क्लब कालनिश्चितीच्या कामात सदस्यांना साहाय्य करतो.

नाममुद्रांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. हंबरचा सायकल व्यवसाय १९३२ मध्ये, रज-व्हिटवर्थचा १९४३ मध्ये आणि बीएसएचा १९५७ मध्ये रॅलेकडे गेला. १९६० मध्ये रॅले व ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स (टीआय) या ब्रिटिश उद्योगसमूहाचे सायकल विभाग एकत्र आले आणि हर्क्युलिस व फिलिप्सही त्याच छत्राखाली आल्या. त्यामुळे उत्तरकाळातील हंबर किंवा बीएसए सायकलीत रॅलेचे २६ आट्यांचे भाग निघू शकतात, तर त्याच नावाच्या आधीच्या सायकलीत ते बसणार नाहीत. हंबरचा दुहेरी नळ्यांचा चिमटा विलीनीकरणानंतरही चालू राहिला, म्हणून त्यावरून काळ ठरत नाही.

भारतातील स्थिती : स्वातंत्र्यापूर्वी ब्रिटिश सायकली मुंबई बंदरातून मोठ्या संख्येने आयात होत. पुढे आसनसोल येथे सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स, सोनीपत येथे ॲटलस आणि लुधियाना येथे हिरो असे कारखाने उभे राहिले. सळीच्या ब्रेकची, २८ इंची चाकांची सायकल भारतात दीर्घकाळ बनत राहिल्याने ६३५ मिमीचे टायर, वेस्टवुड धाटणीच्या रिमा, सळ्या व कॉटर पिना येथे उपलब्ध राहिल्या. भारतीय भाग जुन्या ब्रिटिश सायकलीला चालतात, मात्र त्यांच्या पत्र्याची जाडी व मुलाम्याची प्रत मूळ भागांहून भिन्न असते. भारतीय परवान्याने बनलेल्या सायकलीवर ब्रिटिश नाममुद्रा असली, तरी तिचे आटे प्रत्यक्ष मापूनच पाहावेत. पुण्यात कर्वेनगर परिसरात जुन्या सायकलींचे संग्रहालय असून, बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात सुटे भाग अधूनमधून मिळतात. नगरपालिकांनी सायकल-करापोटी दिलेले पत्र्याचे बिल्ले काही चौकटींवर अद्याप आढळतात. त्यांवरून ती सायकल कोणत्या गावात व कोणत्या वर्षी वापरात होती हे सांगता येते, म्हणून ते साफसफाईच्या वेळी काढू नयेत.