बाळाला पावडर लावायलाच हवी? अजिबात नाही

अंघोळ झाली की बाळाला पावडर लावलीच पाहिजे, नाहीतर अंगावर पुरळ उठतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे खरं नाही. निरोगी बाळाला पावडरची गरजच नसते आणि श्वासातून आत गेली तर ती घातक ठरू शकते.

अनेक पावडरींमध्ये असणारं टाल्क हे अगदी बारीक दळलेलं खनिज. ते पाण्यात विरघळत नाही. डबा झटकल्यावर उठणारा पांढरा ढग नेमका बाळाच्या नाकातोंडासमोर तरंगतो. मोठ्यांना फार तर ठसका लागतो. बाळाच्या श्वासनलिका मात्र खूप अरुंद असतात. खेळायला दिलेला डबा तोंडावर सांडून बाळं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून तो डबा बाळाच्या हाती कधीही देऊ नका, रिकामा वाटला तरी!

मक्याच्या स्टार्चची पावडर सुरक्षित, हाही गैरसमजच. तीही श्वासातून आत जाते. शिवाय 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कचा समावेश ‘कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता’ या गटात केला आहे.

मग करायचं काय? मानेच्या, जांघेच्या वळ्या मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. तिथे पावडर घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि त्वचा आणखी सोलवटते. लंगोट ओला झाला की लगेच बदला. लाली आली तर झिंक ऑक्साइडचं मलम पुरतं.

पावडर श्वासात गेल्याची शंका आली, तर बाळ बरं दिसत असलं तरी डॉक्टरांकडे न्या. त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.