पोई (गाण्यावर बसवलेला पहिला कॉम्बो)

पोई म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेला गोळा, आणि असे दोन गोळे दोन हातांत धरून तालात फिरवायच्या कलेचं नावही पोईच. शब्द माओरी भाषेतला, माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. आपल्याकडे बऱ्याच जणांनी पोई पहिल्यांदा पाहिलेली असते ती गोव्यात, हरमलच्या बीचवर सूर्य मावळताना ढोल सुरू होतात आणि कोणीतरी पेटते गोळे फिरवत असतं तेव्हा, त्यामुळे ही आगीशी खेळायची गोष्ट आहे असाच समज होऊन बसतो. आग बरीच नंतर येते, काही जणांच्या बाबतीत कधीच येत नाही आणि त्याने काही बिघडत नाही. शिकायला लागतात दोन लांब मोजे, थोडी मोकळी जागा आणि तोंडाने मोजायची तयारी. या नोंदीत मुख्य भर आहे नवशिक्याच्या पहिल्या कॉम्बोवर, म्हणजे तीन-चार मूव्ह एकाला एक जोडून गाण्याच्या एका ठरावीक तुकड्यावर बसवणं.

पारंपरिक पोईचा गोळा राउपोचा असतो. राउपो म्हणजे आपल्या तळ्याकाठच्या पाणकणसाच्याच कुळातली वनस्पती, तिचा कापसासारखा भुसा आत आणि तिचीच पानं बाहेरून गुंडाळलेली, आणि दोरी हाराकेके नावाच्या झाडाच्या पानांतून काढलेल्या तंतूंची. आखूड दोरीची पोई आणि लांब दोरीची पोई असे दोन प्रकार. कापा हाका म्हणून जो माओरी गाण्या-नाचाचा प्रकार आहे त्यात पोई प्रामुख्याने बायका करतात, आणि तिथे गोळा नुसता फिरत नाही, तो तळहातावर, मनगटावर, दंडावर आपटून परत येतो, त्या आपटण्याचा जो टप-टप आवाज येतो तोच गाण्याचा ठेका. तारानाकी भागातलं परिहाका हे गाव, जिथे १८८१ साली सरकारी फौज शिरली आणि लोकांनी हत्यार न उचलता तिला तोंड दिलं, तिथे पोईच्या ठेक्यावर लांबलचक पाठ म्हणायची रीत आहे. पुढे १९८४ मध्ये पातेआ नावाच्या छोट्या गावातल्या माओरी क्लबचं पोईवरचं गाणं न्यूझीलंडच्या चार्टवर एक नंबरला गेलं, गावातला मांसाचा मोठा कारखाना १९८२ मध्ये बंद पडून घरोघरची नोकरी गेलेली होती त्यानंतरची ही गोष्ट, त्यामुळे तिथल्या लोकांना त्या गाण्याचं एवढं का वाटतं ते समजतं. आज जगभर बीचवर आणि बागांमध्ये जी पोई दिसते ती याच मुळावरून फुटलेली फांदी आहे, आणि शिकणाऱ्याने हे मूळ माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

एक फरक इथेच सांगायला हवा कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माओरी पोईला स्वतःचा आवाज आहे, ती ताल देते. मोज्याची पोई मुकी असते, हवेत फिरते आणि कशालाच लागत नाही, मग बीट कुठे पडला ते कळणार कसं? तर गोळा अगदी खाली, पायाच्या जवळ येतो तो क्षण म्हणजे बीट. दोन्ही गोळे एकदम खाली येत असतील तर त्याला सेम टाइम म्हणतात आणि एक खाली असताना दुसरा वर असेल तर स्प्लिट टाइम. स्प्लिटमध्ये उजवा खाली, डावा खाली, उजवा, डावा असं चालतं, म्हणजे प्रत्येक काउंटला एक गोळा जमिनीकडे असतोच, शाळेत पीटीला लेफ्ट राइट करायचो तसंच. पहिला कॉम्बो स्प्लिटमध्येच करायचा.

सामानाचं थोडक्यात. गुडघ्यापर्यंत येणारे मोजे, तळाशी टेनिस बॉल किंवा छोट्या पिशवीत बांधलेली मूठ-दोन मूठ डाळ (डाळ बरी, डोक्याला लागली तरी टेंगूळ येत नाही), वरच्या टोकाला गाठ मारून बोटात अडकेल असा फास. लांबी अशी की हात सरळ पुढे करून गोळा खांद्याकडे आणला तर तो साधारण बगलेपर्यंत यावा. दोरीच्या लांबीचा गाण्याशी थेट संबंध आहे. लांब दोरी सावकाश फिरवता येते, आखूड दोरी सावकाश फिरवायला गेलं की वर गेल्यावर ढिली पडते आणि गोळा खाली कोसळतो, ज्याने शेतात गोफण फिरवलीय त्याला हे सांगायलाच नको. साठेक सेंटिमीटर लांबीला एका फेराला एक सेकंद हा आरामाचा वेग. स्प्लिटमध्ये एका फेरात दोन काउंट पडतात, म्हणजे मिनिटाला १२० बीटचं गाणं या लांबीला बरोबर बसतं, आणि १०० पर्यंतचं संथ गाणंही चालतं.

आता वीव्ह. पूर्ण नाव थ्री बीट वीव्ह, आणि पोई शिकणारा प्रत्येक जण इथे काही दिवस अडकतोच. एका हाताने बघायला गेलं तर गोळा शरीरासमोरून आडवा इंग्रजी आठ काढत असतो, लायसनच्या टेस्टला गाडीवर काढायला लावतात तसा, फक्त स्वतःच्या बाजूला दोन फेर आणि पलीकडे जाऊन एक. दोन्ही हात मिळून मोजलं तर उजव्या अंगाला तीन काउंट, उजवा-डावा-उजवा, आणि मग डाव्या अंगाला तीन, डावा-उजवा-डावा. झाले सहा. गुंता होतो तो प्रत्येक बाजूच्या तिसऱ्या काउंटला, कारण तेव्हा हात एकमेकांवर आलेले असतात आणि खालच्या हाताला वरच्या हाताच्या बगलेखालून अजून एक फेर मारायचा असतो. मनगट तिथे थोडं आत वळवावं लागतं. तो फेर खाल्ला की दोऱ्या एकमेकींना वेटोळे घालतात आणि दोन्ही गोळे दांडीवरच्या ओल्या कपड्यांसारखे लटकतात. उपाय एकच, तोंडाने मोजणं. एक दोन तीन, एक दोन तीन, मोठ्याने. मनातल्या मनात मोजलं तर हात घाई करतात, तोंडातून आवाज निघाला की थांबतात, हे मी गच्चीवर संध्याकाळी शिकलो आणि नंतर ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांच्या बाबतीत असंच झालेलं पाहिलंय.

तबला ऐकलेल्या माणसाला हा आकडा लगेच ओळखीचा वाटेल. तीन आणि तीन, सहा मात्रा, म्हणजे दादरा! धा धी ना उजवीकडे, धा ती ना डावीकडे. वीव्ह शिकताना दादऱ्याचा ठेका लावून ठेवला, मोबाईलवर तबला वाजवणारं कुठलंही अ‍ॅप चालेल, तर सम येते तेव्हा उजवा गोळा उजव्या अंगाला खाली असतो, दर वेळी, न चुकता, आणि एकदा ते जुळलं की पुढचे दोन फेर हात आपोआप करतात. इंग्रजीत शिकवणारे हे सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे मोजणी आठाची, पण आपल्या कानात दादरा लहानपणापासून आहे तर तो वापरायचा नाही का.

अडचण पुढे येते. नाचाची बहुतेक गाणी चारात-आठात चालतात, आपल्या केरव्यासारखी, आणि वीव्ह सहाचा. म्हणून वीव्ह शिकलेला माणूस गाणं लावतो तेव्हा पहिले सहा काउंट छान जातात आणि नंतर गाण्याचा जोर एकीकडे, गोळे दुसरीकडे. बघणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येत नाही पण चुकतंय एवढं कळतं. यावरचा तोडगा साध्या पाढ्यात आहे, सहा चोक चोवीस आणि आठ त्रिक चोवीस. चार पूर्ण वीव्ह झाले की आठाचे तीन तुकडे संपलेले असतात आणि दोघं एकाच जागी येऊन भेटतात. गाण्यात आठाचे चार तुकडे मिळून ३२ काउंटचा एक सलग भाग बहुतेक वेळा असतोच, त्यातले चोवीस गेले, उरले आठ, आणि त्या आठात टर्न बसतो. हाच पहिला कॉम्बो: चार वीव्ह, मग पाठ फिरवून जाणं आणि परत येणं. १२० बीटच्या गाण्यात बरोबर १६ सेकंद.

टर्न असा. चौथा वीव्ह संपतो तेव्हा दोन्ही गोळे डाव्या अंगाला असतात. ते तिथेच फिरत ठेवायचे आणि पंचविसाव्या काउंटला आपण डावीकडे वळायला लागायचं, गोळे हवेत जिथे आहेत तिथेच राहतात, वळतो फक्त माणूस. अर्धा वळल्यावर ते समोर दिसतात, पूर्ण वळल्यावर उजव्या अंगाला येतात आणि आता ते उलटे फिरतायत असं वाटतं, म्हणजे आधी वरून पुढे पडत होते ते आता खालून पुढे येऊन वर चढतात. हातांनी काहीच बदललेलं नसतं. अठ्ठाविसापर्यंत तिथे राहायचं, एकोणतिसाला आलो तसंच उजवीकडून परत वळायचं, बत्तिसापर्यंत स्थिर व्हायचं आणि पुढच्या एकला उजवा गोळा उजव्या अंगाला, वीव्ह परत सुरू. नवशिक्या वळताना दचकून हात वर खेचतो, तिथे सगळं बिघडतं. मनगटं पोटाच्या उंचीवर, कोपर अंगाजवळ आणि नजर गोळ्यांवर न ठेवता लांब कुठेतरी, हे धरलं की टर्न वीव्हपेक्षा सोपा जातो.

गोळे अंगाच्या दोन्ही बाजूंना सरळ उभ्या पातळीत फिरायला हवेत, त्या पातळीला प्लेन म्हणतात, आणि ते तिरके व्हायला लागले की पायाला, कानाला लागायला लागतात. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात उभं राहून पाच मिनिटं फिरवलं तर भिंत स्वतःच शिकवते. क्रमही असाच ठेवावा की आधी गाण्याशिवाय तोंडी मोजणी, मग नुसता ठेका, मग संथ गाणं आणि मग आवडीचं. आवडतं गाणं पहिल्या दिवशी लावू नये, त्याच्या शब्दांकडे लक्ष जातं.

ऑकलंड विद्यापीठात ज्येष्ठ नागरिकांना महिनाभर पोई शिकवून ताई ची या संथ चिनी व्यायामाशी तुलना करून पाहिली गेलीय आणि दोन्ही गटांत तोल, हाताची पकड सुधारलेली दिसली, तेव्हा वय झालंय म्हणून कोणी मागे राहायचं कारण नाही. कोल्हापूरकडे ज्यांनी मर्दानी खेळात लाठी फिरवलीय त्यांचं मनगट आधीच तयार असतं, त्यांना वीव्ह लवकर जमतो. आगीबद्दल एवढंच की तिला वेगळी पोई लागते, साखळी आणि केव्हलारची (आगीत टिकणाऱ्या धाग्याची) वात, अंगात सुती कपडे, हाताशी ओला टॉवेल आणि शेजारी फक्त आपल्याकडे बघणारा एक माणूस, आणि हा कॉम्बो डोळे मिटून जमेपर्यंत तो विषयच काढू नये.

३२ काउंट पक्के झाले की पुढचा मूव्ह बटरफ्लाय. दोन्ही गोळे शरीरासमोर, एकाच वेळी, पण एकमेकांच्या उलट दिशेने. सेम टाइम असल्यामुळे दोन्ही गोळे दर दुसऱ्या काउंटला एकदम खाली येतात, म्हणजे आठात चार फेर. वीव्हमधून चालत्या गाडीतून उडी मारल्यासारखं त्यात जाऊ नये, गाण्यात जिथे क्षणभर वाद्यं थांबतात तिथे गोळे खाली लोंबू द्यावेत आणि नव्याने सुरुवात करावी. दोन्ही मुठी बेंबीसमोर जवळजवळ चिकटलेल्या, फक्त एक मूठ दुसरीच्या दोन बोटं पुढे, कारण गोळे एकदा वर आणि एकदा खाली एकमेकांना ओलांडतात आणि तेवढ्या दोन बोटांच्या फटीतून त्यांना सुटायचं असतं.