काथ, तूप आणि नवं नाक

रविवारी सकाळी माहीमच्या मटणाच्या दुकानात माझ्या मैत्रिणीने बोकडाच्या दोन मुंड्या मागितल्या. "भाजून, फोडून देऊ ना ताई?" दुकानदाराने सवयीने विचारलं. "नको दादा, भाजू नका, फोडूही नका. आहेत तशाच द्या. नाकाला धक्का लागू देऊ नका." दुकानदाराने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुंड्या दोन पिशव्यांत वेगवेगळ्या बांधून दिल्या.

मैत्रीण प्लास्टिक सर्जन आहे. आदल्या आठवड्यातच ती इस्तंबूलहून परतली होती. तिथे तीन दिवस नाकाच्या शस्त्रक्रियांवर कॉन्फरन्स होती आणि तिथे पाहिलेलं एक तंत्र तिला हातात बसवायचं होतं. माणसावर करायच्या आधी बोकडावर. कान-नाक-घशाचे विद्यार्थीही बोकडाच्या किंवा मेंढीच्या नाकावर सराव करतात, कारण मधला पडदा, त्यातली कूर्चा (हाडाहून मऊ, वाकणारा भाग) आणि तिला चिकटलेलं पातळ आवरण ही रचना आपल्या नाकाशी बरीच जुळते.

दुपारी तिच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत मी बाजूला उभी होते. थोड्या वेळाने तिने बोथट पात्याचं एक हत्यार माझ्याच हातात दिलं. कूर्चेवरचं आवरण सोडवायचं होतं. दोनदा मी चुकीच्या थरात शिरले. पातं मऊमऊ, सहज सरकत होतं, आणि तीच चूक होती. तिसऱ्यांदा पात्याखाली बारीक रेव लागल्यासारखं वाटलं. "हां, हीच जागा," ती म्हणाली. "बरोबर थर असा करकरतो." पुस्तकात या थराचं नाव आहे, रंगीत चित्रही आहे. ती करकर मात्र छापता येत नाही.

"यूट्यूबवर सगळं असताना डॉक्टर मंडळी विमानं पकडून कशाला जातात?" हा प्रश्न मीही तिला विचारला होता. एक कारण नियमाचं आहे: महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी टिकवायला दर पाच वर्षांत शिकत राहिल्याचे ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. पण तेवढे पॉइंट मुंबईत बसूनही मिळतात. खरं कारण त्या करकरीत आहे. मोठ्या कॉन्फरन्समध्ये ऑपरेशन थिएटरातून थेट प्रक्षेपण चालतं, सभागृहातून सर्जनला मध्येच थांबवून विचारता येतं, आणि आदल्या दिवशी शवांवर हात चालवण्याचे वर्ग असतात. शेजारी उभा असलेला अनुभवी माणूस "थोडं वर, थोडं वर" म्हणत मनगट वळवून देतो, ते घरबसल्या मिळत नाही.

तिने पाहिलेल्या तंत्राचं नाव प्रिझर्वेशन ऱ्हायनोप्लास्टी. नाकाच्या कण्यावर उंचवटा असला की तो काढायची रूढ रीत म्हणजे वरून तासायचा. तासला की नाकाचं छत उघडं पडतं, मग बाजूची हाडं कापून आत सरकवावी लागतात आणि कणा नव्याने रचावा लागतो. कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. आढं फार उंच झालंय. एक सुतार कौलं उतरवून आढंच तासतो. दुसरा छपराला हात लावत नाही. तो खालच्या खांबातून हवा तेवढा तुकडा काढतो आणि अख्खं छप्पर हळूच खाली बसवतो. नाकात हा खांब म्हणजे मधला पडदा. कण्यावरची नैसर्गिक रेघ जशीच्या तशी राहते, हा या रीतीचा मोठा गुण.

हे तंत्र आज नवं म्हणून गाजत असलं, तरी बोस्टनच्या गुडेल नावाच्या डॉक्टरांनी ही कल्पना १८९९ सालीच मांडली होती. १९४०च्या दशकात शिकागोच्या कॉटल यांनी ती पुढे नेली, आणि मग बहुतेकांनी ती बाजूला ठेवली. गेल्या दहा वर्षांत ती परत आली त्यात हत्यारांचाही वाटा आहे. पूर्वी हाड छिन्नी-हातोडीने कापत. आता पिझो नावाचं, अतिजलद थरथरणारं हत्यार मिळतं. हातावरचं प्लास्टर कापताना ते यंत्र कडक प्लास्टर कापतं पण कातडी कापत नाही, कारण कातडी त्याच्याबरोबर हलते. पिझोचंही साधारण तसंच: हाड कापलं जातं, शेजारचा मऊ भाग बराचसा वाचतो.

सगळ्या नाकांना मात्र ही रीत चालत नाही. ज्यांच्या कण्याला मुळात उंचीच कमी आहे, ज्यांचं नाक आधी मोडलंय किंवा एकदा ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी बेत वेगळा करावा लागतो. शिवाय खाली बसवलेला उंचवटा काही जणांत थोडा परत वर येतो. मैत्रिणीच्या वहीत तंत्राच्या पायऱ्या दोन पानांत होत्या. ते कोणावर करू नये याची चार पानं होती. ती चार पानं मला जास्त मोलाची वाटली.

पाहून शिकण्याचा या शास्त्रातला सर्वांत गाजलेला प्रसंग आपल्याच मुलखात घडला. कावसजी नावाचा, मराठी मुलखातला एक शेतकरी १७९२च्या लढाईत इंग्रजी सैन्याकडे बैल हाकायला होता. टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला, तेव्हा त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन पाहिलं होतं. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये सगळी हकिगत पत्ररूपाने छापून आली.

त्या पत्रातले तपशील वाचताना मी थक्क होते. आधी पातळ मेणाचं नाक बनवायचं, उरलेल्या बुंध्यावर बसवून बघायचं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, फक्त दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. सुटी कातडी फिरवून खाली आणायची आणि बुंध्याच्या ताज्या केलेल्या कडांत बसवायची. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. जोडलेली पट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी.

सगळी युक्ती त्या पट्टीत आहे. कोकणातल्या वाचकांना दाब कलम माहीत असतं: फांदी झाडापासून न तोडता वाकवून मातीत दाबायची, तिला स्वतःची मुळं फुटली की मगच झाडापासून तोडायची. नाकाचंही तसंच. भुवईच्या आतल्या टोकापासून कपाळावर चढणारी एक छोटी धमनी त्या पट्टीतून जाते. नव्या जागेतून रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत कातडी तिच्यावर जगते. आजचे सर्जन याला फ्लॅप म्हणतात. पूर्ण तोडून दुसरीकडे लावलेली कातडी म्हणजे ग्राफ्ट; तिला सुरुवातीचे दिवस खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर काढावे लागतात, म्हणून ती पातळ असावी लागते. कर्करोगात नाक गमावलेल्या रुग्णाला आजही कपाळावरचाच फ्लॅप घेऊन नाक देतात.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती हकिगत वाचली, हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांकडे चौकशा केल्या, शवांवर सराव केला. प्रत्यक्ष रुग्णावर त्यांनी हे ऑपरेशन केलं ऑक्टोबर १८१४ मध्ये. पत्र छापून आल्यापासून वीस वर्षांनी! आज शुक्रवारी पडद्यावर पाहिलेलं सोमवारी रुग्णावर करणं सहज शक्य झालंय, आणि मला त्याची काळजी वाटते. ज्याच्या हातात ही सगळी विद्या होती, त्या पुण्याजवळच्या माणसाचं नाव मात्र त्या पत्रात नाही. दर वेळी ते वाचताना जीव हळहळतो.

उलट्या दिशेचाही एक प्रवास मुंबईकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. डॉ. एन. एच. अंटिया इंग्लंडला जाऊन हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे शिकले. हे तेच गिलीज, ज्यांनी पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले सैनिकांचे चेहरे पुन्हा उभे केले. अंटिया परत आले आणि ते कसब त्यांनी कुष्ठरोग्यांचे हात आणि नाकं सुधारण्यासाठी वापरलं. जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. १९६७ साली त्यांनी आणि डॉ. बुच यांनी कानाच्या कडेचा तुकडा गेलेल्या रुग्णांसाठी एक रीत प्रसिद्ध केली: उरलेली कड कूर्चेसकट सोडवायची, मागची कातडी रक्तपुरवठ्यासाठी जोडलेली ठेवायची आणि दोन्ही टोकं सरकवून फट बुजवायची. कान किंचित लहान होतो, पण कानासारखा दिसतो. जगभरचे सर्जन आजही अंटिया-बुच फ्लॅप या नावाने तो शिकतात.

चरबी काढण्याची गोष्टही प्रवासाचीच. पॅरिसच्या इलूझ यांनी १९७७ पासून बोथट नळीने चरबी ओढून काढायला सुरुवात केली आणि १९८२ मध्ये अमेरिकेचे सर्जन ते बघायला पॅरिसला गेले. तेव्हा अडचण रक्ताची होती. १९८६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका परिषदेत जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने वेगळी वाट दाखवली: भरपूर सलाइनमध्ये अगदी थोडं बधिरीकरणाचं औषध आणि थोडं ॲड्रिनलिन मिसळून चरबीत भरायचं, इतकं की तो भाग टणक फुगेल. ॲड्रिनलिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं आणि औषधही शरीरात हळूहळू शोषलं जातं.

इथवर सगळं उजळ दिसतं. पण नितंबांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेचं काय झालं तेही सांगायला हवं. शरीराच्या एका भागातली चरबी काढून नितंबांत भरायची ही शस्त्रक्रिया जगभर झपाट्याने पसरली. चरबी स्नायूत भरली तर ती चांगली टिकते, असं तेव्हा शिकवलं जाई. मग तरुण, धडधाकट बायका टेबलावरच दगावू लागल्या. २०१७ मध्ये एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६९२ सर्जननी आपल्या कारकिर्दीतल्या जवळजवळ दोन लाख शस्त्रक्रियांची माहिती दिली होती, आणि त्यांत चरबी फुप्फुसात जाऊन झालेले ३२ मृत्यू होते.

हा हिशोब जरा उलगडून बघू. दोन लाख भागिले ६९२ म्हणजे एकेका सर्जनच्या वाट्याला सरासरी तीनशेच्या आत शस्त्रक्रिया. मृत्यू ३२. म्हणजे बहुतेक सर्जननी असा एकही मृत्यू पाहिलेला नव्हता. त्यातला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगू शकला असता, "माझ्याकडे तर काही झालं नाही." आणि ते खरंच होतं. धोका कुणा एकाच्या डोळ्यांना दिसणाराच नव्हता. सगळ्यांनी आपापल्या वह्या एका टेबलावर उघडल्या तेव्हा तो दिसला. कारणही सापडलं: नितंबाच्या स्नायूखाली मोठ्या शिरा असतात, नळीने शीर फाटली की चरबी तिच्यातून थेट हृदयाकडे आणि फुप्फुसात जाते. २०१८ मध्ये अनेक संघटनांच्या कृतिगटाने तातडीचा इशारा दिला: चरबी फक्त कातडीखालच्या थरात भरा, स्नायूत कधीही नाही. फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये ती भरताना सोनोग्राफीने नळी कुठे आहे ते पाहणं सक्तीचं केलं आणि एका सर्जनला दिवसाला तीनच शस्त्रक्रियांची मर्यादा घातली.

माझ्या लेखी कॉन्फरन्सचं सर्वांत मोठं काम हे आहे. दुसऱ्याचं कौशल्य बघणं चांगलंच. पण आपलं काय बिघडलं ते घेऊन जाणं त्याहून महत्त्वाचं.

फोटोंच्या बाबतीतही डोळा फसतो. आधीचा फोटो वरच्या ट्यूबलाइटखाली, नंतरचा समोरच्या मऊ उजेडात घेतला तर काही न करताही नाक सुधारतं. हनुवटी जरा वर केली तरी उंचवटा कमी दिसतो. यावरचा उपाय एका परिषदेनेच देऊन ठेवलाय. १८८४ साली फ्रँकफर्टला जमलेल्या मानववंशशास्त्रज्ञांनी कवट्या मोजण्यासाठी एक रेषा ठरवली: कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी. चेहऱ्याचा फोटो काढताना ही रेषा जमिनीला समांतर हवी. आणि दुसरी गोष्ट काळाची. नाकाची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहून जास्त. तीन आठवड्यांचा फोटो बघून टाळ्या वाजवायच्या नसतात.

परदेशी कॉन्फरन्समध्ये पाहिलेलं आपल्याकडे आणताना आपल्या सावळ्या कातडीचा विचारही करावा लागतो. लेझरची ऊर्जा कातडीतलं रंगद्रव्य शोषून घेतं, त्यामुळे गोऱ्या कातडीसाठी ठरवलेले लेझरचे आकडे इथे तसेच उतरवले तर काळे डाग पडू शकतात. शिवाय व्रण जाड होऊन वाढत जाण्याचा धोका गडद कातडीत जास्त असतो, विशेषतः छातीवर आणि कानाच्या पाळीवर.

मुंड्यांच्या त्या रविवारनंतर महिन्याभराने मी पुन्हा मैत्रिणीकडे गेले. डोंबिवलीहून एक मुलगी येऊन गेली होती, नाकावर उंचवटा असलेली. इन्स्टाग्रामवर नव्या तंत्राबद्दल वाचून आली होती. मैत्रिणीने तिला सरळ सांगितलं, "मी हे पाहिलंय, शवावर आणि बोकडावर केलंय, रुग्णावर अजून नाही. पहिली काही मी माझ्या सरांना शेजारी उभं करून करणार आहे. जुन्या रीतीने मी शेकडो केली आहेत. घरी जाऊन विचार कर." मुलीने विचारलं, "जुन्या रीतीचे वर्षानंतरचे फोटो दाखवाल?" मैत्रिणीने दाखवले. फसलेलेही दाखवले.

त्या संध्याकाळी एका जुन्या रुग्णाच्या वर्षाच्या फोटोची वेळ होती. फरशीवर लाल चिकटपट्टीच्या दोन खुणा होत्या, एक रुग्णाच्या पायांसाठी, एक कॅमेऱ्याच्या तिवईसाठी. फोटो झाले, रुग्ण खूश होऊन गेला. मैत्रीण बराच वेळ बाजूचा फोटो मोठा करून बघत होती. कण्याच्या मध्यावर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा उरला होता. त्याच्या लक्षात आला नव्हता, तिच्या आला. तिने तो फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला. फोल्डरचं नाव होतं 'राहिलेले उंचवटे', आणि त्यात आता अकरा नाकं झाली होती. पुढच्या कॉन्फरन्सला तिला आठ मिनिटं बोलायला मिळणार आहेत. त्या आठ मिनिटांत ती हेच फोल्डर उघडणार आहे.