खानदेशातील हिवाळी डोंगरभटकंती

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील डोंगरांत आणि शिवारांत केलेली एक किंवा अधिक दिवसांची पायी भटकंती. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधे तापीचे खोरे, अशी या मुलखाची ठेवण आहे. पावसाळ्यात इथली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि मार्चपासून ऊन सोसवत नाही. म्हणून चालण्याचे खरे दिवस हेच.

या चालीचे सगळे गणित थंडी-उन्हाच्या फरकावर बसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो, दुपारी तोच 28–30 पर्यंत चढतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. उजाडताच निघावे, मोठी चढण अकराच्या आत संपवावी, दुपार सावलीत काढावी. जाड स्वेटर एकच घेतला तर तासाभरात तो घामाने भिजतो आणि थांबताच हुडहुडी भरते. त्याऐवजी पातळ कपड्यांचे दोन-तीन थर चांगले. रात्री गार हवा उतारावरून ओघळून नाल्यात साचते, त्यामुळे नाल्याकाठचा मुक्काम वरच्या सपाटीपेक्षा जास्त गारठ्याचा आणि दवाचा होतो. मुक्काम थोडा वर, वाऱ्याच्या आडोशाला करावा.

पाण्यात मात्र काटकसर नको. जानेवारीनंतर बहुतेक नाले आटतात. अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर, पूर्ण दिवसाला तीन ते चार लिटर पाणी सोबत हवे. नकाशावरची निळी रेघ पाहून निघणारे इथेच फसतात. कोणत्या झिऱ्याला पाणी आहे ते पाड्यावरच्या माणसाला विचारावे.

नवख्याला सर्वांत जास्त छळते ती कुसळ. वाळलेल्या गवताचे हे बी टोकाला सुईसारखे असते आणि त्याची लांब शेपटी दवाने पिळली-उलगडली जाते, म्हणून ते कापडात स्वतःच फिरत आत शिरते. त्यावरचे केस मागे वळलेले असल्याने शेपटी धरून ओढले की टोक आत मोडून राहते. टोक पुढच्या बाजूने बाहेर काढावे. लोकरी मोजे उघडे ठेवू नयेत. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट मोज्यावर घ्यावी.

सातपुड्यातील पायी चालण्याची जुनी रीत म्हणजे अस्तंब्याची यात्रा. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास भाविक 1,325 मीटर उंचीच्या अस्तंबा डोंगरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात. आजचा पदभ्रमण करणारा ज्या पाऊलवाटा वापरतो, त्यांतल्या कित्येक अशा यात्रेकरूंनी आणि पाड्यांतल्या लोकांनीच मळलेल्या आहेत, हे विसरू नये. तोरणमाळला यशवंत तलाव आणि सीताखाई यांभोवती बेताची चाल होते. यावल अभयारण्य (1969) आणि पाल गावाचा परिसरही याच रांगेत येतो.

दक्षिणेकडे चाळीसगावजवळची पाटणादेवी हे सुरुवातीला सर्वांत योग्य ठिकाण. चंडिकादेवीचे मंदिर, कण्हेरगड किल्ला आणि नागार्जुन कोठडी व सीतेची न्हाणी ही लेणी एका दिवसात होतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने 1207 मध्ये उभारलेल्या मठाचा शिलालेख इथल्याच पाटण गावचा आहे. परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात असल्याने वनविभागाच्या नाक्यावर नोंद करावी. कड्याखाली आग्या मोहोळ दिसले तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. मोहोळ उठलेच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळावे. उतरताना मुरमाचा घसारा पाय घेऊन जातो. टाच रोवून, तिरपे उतरावे. अर्ध्या दिवसासाठी धुळ्याजवळचा लळिंग किल्ला पुरतो.

शिवारातून जाताना पाणंद किंवा बांध धरावा, उभ्या दादरीतून (रब्बी ज्वारीतून) वा हरभऱ्यातून वाट काढू नये. शेतीपंपांना अनेकदा रात्री वीज मिळते. त्यामुळे सकाळी पाट भरलेले असतात आणि कोरडी दिसणारी वाटही चिखलाची निघते. शिदोरीला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा आणि शेंगदाणे उत्तम: दिवसभर टिकतात. शेतात तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत मिळाले तर चालण्याचा वेग विसरावा.

फेब्रुवारीत गवत पूर्ण वाळते. चूल केली असेल तर निखारे पाण्याने विझवून, राख हाताला थंड लागेपर्यंत जागा सोडू नये. वणवा अशा अर्धवट विझलेल्या चुलीतूनही पेटतो. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या गोरखनाथाची यात्रा भरते आणि त्यानंतर उन्हाचा तडाखा सुरू होतो.